त्याला सुचत नाही, तर नेमकं काम द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याने बाहेरचं प्रकरण कबूल केलं, माफी मागितली, पण तुम्हाला रडू फुटलं की तो उठून सोप्यावर जाऊन बसतो. वाचून पोटात खड्डा पडला. आमच्याकडे हेच होतं.

बहुतेक तो शरमेने गोठतो. 'मीच नालायक' म्हणत तोही रडू लागला, की समजूत तुम्हालाच काढावी लागते. ती काढू नका. त्याला सांगा: उठायचं नाही, सफाई द्यायची नाही, 'आज कशावरून आठवलं?' एवढंच विचारायचं. असह्य झालं तर '२० मिनिटांत येतो' म्हणून जावं, पण २० मिनिटांनी खरंच परत यावं. आठवड्यातून ३ वेळा, अर्धा तास, जेवणाआधी बसा. झोपायच्या वेळी नको. आणि विषय त्याने काढायचा. दर वेळी तुम्हीच काढलात तर घराचं कोर्ट होतं.

प्रश्न वहीत लिहा. कधीपासून, किती पैसे गेले, संपर्क तुटला का, निरोध वापरला का. अंथरुणातले तपशील विचारू नका, ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. उत्तरं मात्र एका बैठकीत पूर्ण हवीत. दर महिन्याला नवा तुकडा बाहेर आला की सावरलेलं सगळं वाया जातं.

आमचं सर्वात जास्त नुकसान एका समुपदेशन केंद्रात झालं. पहिल्याच दिवशी 'टाळी एका हाताने वाजत नाही, घरी हा विषय परत काढू नका' म्हणाले. त्याला गप्प बसायला परवानाच मिळाला! म्हणून वेळ घेण्याआधी फोनवरच विचारा: दोघांना वेगवेगळं भेटता का? सुरुवात फसवणुकीपासून करता की संसारातल्या कुरबुरींपासून? कुरबुरी म्हणाले तर तिथे जाऊच नका. शक्यतो दुसऱ्या तालुक्यातलं ठिकाण बघा, गोव्यात बाकावर शेजारी ओळखीचं माणूस निघतंच.

चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी जाण्याआधी कोणाला काय सांगायचं ते दोघांनी ठरवा. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) सगळे जमलेले असताना तोंडातून निघालं तर परत घेता येत नाही.

एचआयव्हीची तपासणी आत्ता करा आणि ३ महिन्यांनी पुन्हा. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ती मोफत होते. सिफिलिस, हेपटायटिस बीसुद्धा तपासून घ्या. रात्री फारच जड झालं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. तो हात उगारत असेल तर वरचं काहीच करू नका, थेट ११२ लावा. आणि रागाच्या भरात कुठल्याच कागदावर सही नको. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात.