डॉक्टर-पेशंटचा खेळ: वाचकांचे प्रश्न

दोन प्रौढांनी राजीखुशीने खेळायच्या या शृंगारिक खेळाबद्दल एकच समज पत्रांतून सारखा येतो: साधनं खरी, तर मजा खरी. हा समज चुकीचा आहे आणि तो अंगाशी येतो.

स्टेथोस्कोप, पांढरा कोट, हातमोजे चालतील का? (खानापूर)
चालतील. लेटेक्सने खाज सुटत असेल तर नायट्रिलचे मोजे घ्या. पुरळ उठलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लेटेक्सच्या मोज्याला किंवा कंडोमला खोबरेल तेल लावू नका, रबर कमकुवत होऊन फाटतं.

दवाखान्यातून बाद झालेला स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून तपासायचं साधन) भंगारात मिळाला. उकळून वापरू? (निपाणी)
नको. उकळल्याने सगळे जंतू मरत नाहीत, आणि झिजलेल्या कडेत कातडी चिमटली जाते. ऑनलाइन विकले जाणारे ‘खरे मेडिकल किट’ही नकोत. आधीच वापरून दुखत असेल, रक्त जात असेल, तर आजच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

भूल खरी वाटावी म्हणून दुधातून झोपेची गोळी दे, असं बायकोच म्हणते. तिची संमती आहे, मग हरकत काय? (अनगोळ, बेळगाव)
हरकत मोठी आहे. संमती खेळ चालू असतानाही मागे घेता आली पाहिजे, आणि झोपलेल्या माणसाला ‘थांब’ म्हणता येत नाही. गोळी घातली की तिची संमती तिथेच संपली.

आता शरीराचं बघा. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी दूध घेऊन किमान 6 तास गेलेले असावे लागतात, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. तुम्ही तर सुरुवातच दुधाच्या पेल्याने करताय! त्यात दारू किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध पोटात असलं तर श्वास मंदावतो. ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन सतत बघत असतात. घरात कोण बघणार? ‘मेडिकलवाल्याने दिली म्हणजे साधीच असणार’ हे ऐकीव बोलणं सोडा. बधिर करणारी जेलही नको. दुखणंच कळलं नाही तर जखम होताना हात थांबत नाही.

भूल नाटकातच ठेवा. तिने डोळे मिटून पडावं, हातात चाव्यांचा जुडगा धरावा. जुडगा पडला की सगळं थांबलं. बोलून थांबवायला संवादात कधीच न येणारा शब्द ठरवा, ‘कुंदा’ चालेल. ‘नको’ चालणार नाही, तो नाटकातही येतो. गोळी आधीच दिली असेल आणि ती हाक मारूनही उठत नसेल, तर कुशीवर वळवा आणि लगेच 108 ला फोन करा.

नवरा ‘तपासतो’, पण विचारत नाही. दुखतं म्हटलं तर ‘पेशंटने गप्प राहायचं’ म्हणतो. (संकेश्वर)
ताई, चांगला डॉक्टर हात लावण्याआधी सांगतो, विचारतो आणि दुखलं की थांबतो. खेळातला डॉक्टर खरा वाटायला हवा असेल तर हेच उचलायचं असतं. आधी दिवसाढवळ्या, कपडे घालून, काय चालेल आणि काय नाही ते दोघांनी बसून ठरवा. तरीही तो थांबत नसेल तर तो खेळ राहिलेला नाही. समुपदेशकाकडे जा, भीती वाटत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर बोला. थांबू नका.

ऑनलाइन ओळख झालेला एकजण खरा डॉक्टर असल्याचं सांगून ‘तपासणीचे’ फोटो मागतो. (हुक्केरी)
पाठवू नका. पाठवले असतील आणि तो पैशासाठी धमकावत असेल, तर एक रुपयाही देऊ नका, चॅट पुसू नका आणि आजच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.