वेर्ण्याच्या ऑफिसातून जार (जावा कोडची तयार फाइल) अपलोड झाली, तरी म्हापशात घरी मेव्हनला (जावा प्रोग्रॅम बिल्ड करणारं, म्हणजे जुळवून तयार करणारं टूल) ती सापडत का नाही?

बिल्ड एकदा ‘एमव्हीएन -यू क्लीन इन्स्टॉल’ असं चालवा. यू कॅपिटलच हवा. जार अपलोड होण्याआधी तुम्ही बिल्ड चालवलं असणार. तेव्हाचं ‘सापडली नाही’ हे उत्तर मेव्हन ‘.एम२’ फोल्डरात (उतरवलेल्या जार तो इथेच ठेवतो) ‘.लास्टअपडेटेड’ फाइलीत नोंदवून ठेवतो आणि डीफॉल्ट सेटिंगमध्ये दिवसभर पुन्हा विचारतच नाही; -यू दिलं की लगेच विचारतो. एररमध्ये ‘फेल्युअर वॉज कॅश्ड’ दिसलं तर नक्की हेच. मात्र पावसात वीज जाऊन जार खराब झाली असेल, म्हणजे ‘झिप एंड हेडर नॉट फाउंड’ येत असेल, तर -यू चालणार नाही. फाइल जागेवर आहे म्हणून मेव्हन ती परत उतरवत नाही. तेव्हा ‘.एम२’मधलं जारच्या त्या आवृत्तीचं फोल्डर तेवढं काढा. अख्खं ‘.एम२’ कृपया पुसू नका, सगळंच नव्याने डाउनलोड होत बसेल.