'अल निनो' की 'एल निन्यो'? आणि पाण्याआधीचा तो दुसरा 'एल'

प्रश्न आला आहे तो असा: पावसाच्या बातम्यांत कुणी 'अल निनो' छापतं, कुणी 'एल निनो'. बरोबर काय? हा 'अल' अरबी आहे का? आणि 'ला निना'मधला 'ला' म्हणजे काय?

'एल'च बरोबर. शब्द स्पॅनिश आहे, आणि 'एल' व 'ला' ही त्या भाषेतली उपपदं, इंग्रजीतल्या 'द'सारखी: 'एल' पुल्लिंगी, 'ला' स्त्रीलिंगी. 'अल' साफ चूक आहे, आणि दर वर्षी मृगाच्या तोंडावर ती पुन्हा वाचावी लागते म्हणून माझी चिडचिड होते. प्रश्न एका अक्षराचा नाही, त्याने शब्दाचं कूळच बदलतं. शेवटी 'नो'ही नाही, 'न्यो' आहे. 'ला निन्या'चंही तसंच. निन्यो म्हणजे लहान मुलगा, निन्या म्हणजे लहान मुलगी. 'उन निन्यो' म्हटलं तर कुणीतरी एक मुलगा. 'एल निन्यो' म्हटलं की तो, ज्याला आपण सगळे ओळखतो. पेरूच्या उत्तरेकडच्या पायता बंदरातले खलाशी नाताळच्या सुमारास येणाऱ्या कोमट प्रवाहाला 'कोर्रिएन्ते देल निन्यो' म्हणतात, असं कामिलो कार्रिल्यो या कप्तानाने १८९२ साली लिमाच्या भूगोल संस्थेपुढे सांगितलं होतं. 'देल' म्हणजे 'दे' अधिक 'एल', आणि निन्यो म्हणजे बाळ येशू. उपपद काढलंत तर येशू जातो आणि नुसतं पोर उरतं.

'स्पेनवर अरबांचं राज्य होतं, म्हणून एल हा अल्‌चाच अवतार' असं ठासून सांगणारेही भेटतात. राज्य होतं, हे खरं. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुसलमानी सत्ता होती. पण अरबी 'अल्' स्पॅनिशमध्ये उपपद म्हणून आलाच नाही, तो नामांच्या पोटात जाऊन बसला. आल्गोदोन म्हणजे कापूस, त्यातला 'आल्' अरबी. त्यामागे स्पॅनिश माणूस स्वतःचा 'एल' पुन्हा लावतो, म्हणजे 'तो तो कापूस' झालं. 'एल' आहे लॅटिन 'इल्ले'चा, आणि 'ला' आहे 'इल्ला'चा. 'तो पलीकडचा' आणि 'ती पलीकडची'. लॅटिनला मराठीसारखंच उपपद नव्हतं. दर्शक सर्वनाम झिजत झिजत उपपद झालं.

पण खरी मौज पुढेच आहे. पाण्याला स्पॅनिशमध्ये 'आग्वा' म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी, तरी 'ला आग्वा' नाही, म्हणायचं 'एल आग्वा'. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच: 'एल आग्वा फ्रिआ', थंड पाणी. अनेकवचनात लगेच 'लास आग्वास'. शिकाऊ माणूस इथे हमखास पुल्लिंगी 'फ्रिओ' लिहितो, कारण त्याला सांगितलेलं असतं की 'दोन आ शेजारी आले की कानाला खटकतं, म्हणून पुल्लिंगी उपपद उसनं घेतात'. काही पाठ्यपुस्तकंही हेच सांगतात. मला हे अजिबात मान्य नाही. कानाला खटकत असतं तर 'ला आल्ता तोर्रे' (उंच मनोरा) कसं खपलं असतं? तिथेही दोन आ शेजारीच आहेत, फक्त पुढे नामाऐवजी विशेषण आहे. कानाला नाम आणि विशेषण यांतला फरक कळतो का? नेदरलँड्समधल्या हेग शहराचं स्पॅनिश नाव 'ला आया', तेही कुणाला खटकत नाही.

खरी गोष्ट अशी की हा 'एल' पुल्लिंगी नाहीच. 'इल्ला'चं आधी 'एला' झालं. आता 'एला आग्वा' घाईत म्हणून पाहा. दोन्ही आ एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येतं 'एलाग्वा'. आपल्याकडे विद्या आणि आलय मिळून विद्यालय होतं, तोच प्रकार. मग हा जोड सोडवताना आ सगळा पाण्याकडे गेला आणि उपपदाला उरलं 'एल'. व्यंजनापुढे त्याच 'एला'चा पुढचा ए गळून 'ला' झालं. म्हणजे 'ला निन्या'तला 'ला' आणि 'एल आग्वा'तला 'एल' या सख्ख्या बहिणी, आणि 'एल निन्यो'तला 'एल' त्यांचा भाऊ. चेहरा सारखा म्हणून बहिणीला भाऊ समजायचं का? जुन्या स्पॅनिशमध्ये तर 'एल एस्पादा' (ती तलवार) असंही लिहीत, आणि तिथे आ-आ शेजारी येण्याचा प्रश्नच नाही. पुढे 'ला' सगळीकडे पसरला आणि हा जुना 'एल' फक्त आघातयुक्त (म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या) आ ने सुरू होणाऱ्या नामांपुढे टिकला: एल आल्मा (आत्मा), एल आगिला (गरुड), एल आंब्रे (भूक). 'आमिगा'त आघात 'मि'वर, म्हणून मैत्रीण 'ला आमिगा'च.

'कुणीतरी एक' सांगणाऱ्या अनिश्चित उपपदाचंही तेच, 'उन आगिला'. हा 'उन' म्हणजे शेवटचा आ गमावलेला 'उना'. मधे दुसरा शब्द आला की मात्र 'ला' परत येतो, 'ला मिस्मा आग्वा', तेच पाणी. आणि 'हे पाणी' म्हणायचं तर 'एस्ता आग्वा'. 'एस्ते आग्वा' असं स्पेनमध्ये जन्मलेली माणसंही सर्रास म्हणतात, आणि माद्रिदची भाषा अकादमी त्यांना चूक ठरवते. या बाबतीत मी अकादमीच्या बाजूचा आहे. 'एस्ता' हा शब्द 'इल्ला'पासून निघालेला नाही, मग त्याने आपला आ का सोडावा?