चौकात हॉटेलं वाढली, आता प्लॉट घ्यावा का?

प्रश्न : बुटीबोरी एमआयडीसीजवळच्या आमच्या गावच्या फाट्यावर आधी एक चहाची टपरी होती. आता सावजी भोजनालय, दोन बिर्याणीवाले, चायनीजच्या गाड्या आणि एक अमृततुल्यही आलं. लेआऊटवाला म्हणतो, दोन वर्षांत रेट डबल. दीड हजार फुटांचा प्लॉट घ्यावा का?

उत्तर : हॉटेलांची संख्या मोजू नका, तिथं कोण आणि कधी जेवतं ते बघा. बुधवारी दुपारी एकला आणि रविवारी रात्री आठला, अशा दोन चकरा मारा. बुधवारी थाळीवर रांग आणि रविवारी शुकशुकाट असेल, तर गिऱ्हाईक पाळीचे कामगार आहेत. ते भाड्यानं खोली घेतील, शेजारी प्लॉट घेऊन घर बांधणार नाहीत. रविवारी रात्री लेकरंबाळं घेऊन माणसं बसलेली दिसली, किराणा दुकानात दुधाच्या पिशव्या संध्याकाळपर्यंत संपत असल्या, तर लोक राहायला आले असं समजा. प्लॉटचा भाव धरून ठेवते ती ही दुसरी गर्दी. चायनीजची गाडी तर चाकांवरच असते, उद्या दुसऱ्या फाट्यावर जाईल.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आहे. एकूण ४३.८ किलोमीटर, त्यात मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंतचा मार्गही आहे. पण हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे, आजच्या भावात त्यानं ते धरलेलंच असतं. स्टेशनपासून प्लॉट पायी किती मिनिटांवर, तेवढंच विचारा.

आता हिशेब. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तेव्हा एका एकराचाही लेआऊट त्यात आला. रस्ते वजा केले की विकायला साधारण २५,००० फूट उरतात. समजा, शेतीचा भाव एकरी ५० लाख आहे, तर नुसती जमीनच फुटाला २०० रुपयांनी पडली. त्यावर रस्ता, नाली, खांब, शुल्क आणि नफा. कुणी एकराचे ३५-४० हजार फूट विकतो म्हणाला, तर रस्ता किंवा मोकळी जागा कागदावरून गायब आहे, असं खुशाल समजा.

आपल्याकडं एजंट ‘एनए-टीपी’ एका दमात म्हणतात, पण ते दोन वेगळे कागद आहेत. बिनशेतीचा आदेश किंवा रूपांतरण कर भरल्याची सनद हा एक, आणि मंजूर नकाशा हा दुसरा. तिसरा कागद रिलीज लेटर, ज्याला सगळे आरएल म्हणतात. विकासकामं आणि शुल्क पुरं झाल्यावर तो मिळतो. ‘आरएल प्रोसेसमध्ये आहे’ याचा अर्थ आरएल अजून मिळालेलं नाही, एवढाच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहारच करू नका. ५०० चौरस मीटरच्या वरच्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या लेआऊटला महारेरा नोंदणी लागते. तिथं नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, मग इसार म्हणून निम्मे पैसे कशाला द्यायचे?

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे शेताचा अविभक्त हिस्सा ‘प्लॉट’ म्हणून विकणं. सातबाऱ्यावर तुमचं नाव वीस जणांसोबत सामायिक चढतं, चतुःसीमा कुठंच नाही. बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवानगीही अडते. शिवाय जमीन शेतीचीच असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याचं कलम ८९ आडवं येतं.

शेवटी माती. पहार घेऊन जा आणि प्लॉटच्या कोपऱ्यात तीन-चार फूट खणा. वर पसरलेला मुरूम फसवतो, खाली काळी माती किती खोल आहे ते कळायला हवं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खालच्या पक्क्या मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तिरक्या चिरतात. दोन फुटांवर मुरूम आणि सहा फुटांवर मुरूम, या दोन प्लॉटचा भाव एकच कसा?

प्रश्न : हिंगणा तालुक्यात रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढचा हॉल हॉटेलसाठी पाच वर्षं भाड्यानं मागतात. करारात काय लिहावं?

उत्तर : लिव्ह अँड लायसन्स करार जास्तीत जास्त ६० महिन्यांचा होतो आणि तो नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांच्या करारालाही सूट नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, बिनव्याजी अनामत असेल तर तिच्यावरचं १० टक्के दरानं व्याजही त्यात धरतात. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये.

भाड्याइतकंच भांडण सांडपाण्यावरून होतं, म्हणून ते कलम सविस्तर लिहा. हॉटेलचं पाणी घरच्या सेप्टिक टाकीत सोडू देऊ नका. रश्शाचं तेल थंड झालं की पाइपात थिजतं, टाकीवर साय धरते, आणि काळ्या मातीतला शोषखड्डा पावसाळ्यात आधीच पाणी ओढत नाही. मग उलटं पाणी तुमच्याच मोरीत येतं. मोरी आणि नालीच्या मध्ये तेल अडवणारी टाकी बांधून घ्या. ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल पाणी, म्हणजे सुमारे ३४० लिटर. मध्ये पडदी, तिच्या खालून पाणी जाईल अशी फट. बाहेरच्या पाइपाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावून त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं ठेवा, म्हणजे वरचं तेल पुढं जात नाही. आधी जाळी, नाहीतर भात आठ दिवसांत टाकी भरतो. दर आठवड्याला साय काढायची, आणि ती कुणी काढायची ते नावानिशी लिहा.

वीज घरगुती मीटरवरून देऊ नका, महावितरणकडून वेगळं व्यापारी मीटर घ्यायला लावा. सिलिंडर १९ किलोचेच, आणि ते उघड्या हवेशीर जागी. धुराडं तुमच्या गच्चीच्या वर काढायचं, शेजाऱ्याच्या खिडकीकडं नव्हे.

प्रश्न : कारंजा (घाडगे) इथं अमरावती महामार्गावर ढाबा आहे. समृद्धी सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक कमी. विकावा का? एक जण बारसाठी मागतो.

उत्तर : वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा बारचा विषय सोडा. नागपूर-शिर्डी समृद्धी ११ डिसेंबर २०२२ ला उघडली. तिकडं वळलेली गाडी परत येणार नाही. महिनाभर बिलांवर खूण करा, दहा किलोमीटरच्या आतलं गिऱ्हाईक किती? निम्म्याहून जास्त असेल, तर ताट लहान करून चालवा. विकायचाच झाला, तर ‘हायवे टच’ भाव मागण्याआधी महामार्गावरून आत येण्याची परवानगी कागदावर आहे का ते बघा. नसेल, तर घेणारा तोच मुद्दा काढून भाव पाडेल.

प्रश्न : आमच्या बचत गटाला एमआयडीसीच्या गेटजवळ सकाळी तर्री-पोहे विकायचे आहेत. प्रमाण सांगा.

उत्तर : १ किलो जाड पोह्यात १५-१६ प्लेट निघतात, प्लेटला दीडशे ग्रॅम धरून. पोहे भिजत घालू नका. चाळणीत मिनिटभर पाणी फिरवा आणि दहा मिनिटं निथळा. एका वेळी दीड किलोच्या वर करू नका, तळाचे गोळे होतात.

१ किलो पोह्याला तर्री दोन लिटर. हरभरा ३०० ग्रॅम, रात्री आठ तास भिजवलेला. कांदा ४०० ग्रॅम, तेल २०० ग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात हरभरा शिजत नाही, तेव्हा पाण्यात चिमूटभर सोडा घाला किंवा नळाचं पाणी वापरा. मसाला तेल सुटेपर्यंत परता आणि पाणी उकळतंच घाला. गार पाणी पडलं की तर्री वर यायला फार वेळ लागतो. मग पंधरा मिनिटं मंद आच, ढवळायचं नाही. वरून सांबार (कोथिंबीर) तेवढा सढळ हातानं टाका.

अन्न नोंदणी आधी करा आणि १४ अंकी क्रमांक गाडीवर लावा. पहिली पाळी सातची असेल, तर सव्वासहाला पहिलं पातेलं तयार हवं. साडेसहाला पोहोचलात, तर निम्मी पाळी गेटच्या आत गेलेली असेल.