गणिताने घडवलेला चेतासंकेत खरा कधी मानावा?

प्रश्न : चेतापेशींचे विद्युत संकेत संगणकावर ‘तयार’ केले जातात, असे वाचले. संशोधकाने स्वतःच लिहिलेली समीकरणे स्वतःच निवडलेल्या आकड्यांवर चालवली, तर हवा तसा आलेख निघणारच. मग त्याला पुरावा कसे म्हणायचे? आणि अशा प्रारूपाच्या आधारे, डोक्यावरून घेतलेल्या ईईजीवरून (मेंदूच्या विद्युत हालचालींच्या नोंदीवरून) मेंदूच्या आत काय चालले आहे हे नेमके सांगता येते का?
— विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनीही ती सतत मनात बाळगायला हवी. संगणक प्रत्यक्षात काय करतो, ते आधी जवळून पाहू. चेतापेशीचे पटल, म्हणजे तिचे पातळ आवरण, विद्युतभार साठवते आणि त्यातील सूक्ष्म वाहिन्यांमधून सोडियम व पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) ये-जा करतात. समजा, पटलाच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत उणे 65 मिलिव्होल्ट आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला 10 मायक्रोअँपिअर इतका निव्वळ प्रवाह आत येतो आहे. पटलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 मायक्रोफॅरड असते, म्हणून 0.025 मिलिसेकंदात दाब पाव मिलिव्होल्टने वाढून उणे 64.75 वर येतो. दाब बदलला की उघड्या वाहिन्यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे प्रवाह बदलतो, आणि मग पुढचे पाऊल. एका मिलिसेकंदासाठी अशी 40 पावले टाकावी लागतात.

हा हिशेब ज्यांवर चालतो ती समीकरणे 1952 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माकूळ नावाच्या समुद्री जीवाच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीतून निघणाऱ्या, संकेत वाहून नेणाऱ्या लांब तंतूवर) प्रयोग करून मांडली. त्यांच्या विद्यापीठाचा संगणक त्या वेळी बंद असल्यामुळे हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर कित्येक दिवस खपून ती सोडवली. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर याच कामात आहे. ज्या मोजमापांवरून त्यांनी समीकरणांतले आकडे ठरवले, त्या प्रयोगांत तंतूच्या लांबीभर दाब एकसारखा आणि ठरावीक पातळीवर रोखून धरला होता; म्हणजे तंतूवरून धावणारा संकेत त्या माहितीत कुठेच नव्हता. तरीही गणितातून धावणारा संकेत निघाला, आणि त्याचा वेग सेकंदाला 18.8 मीटर आला. प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग 21.2 मीटर होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला आजही थक्क व्हायला होते, आणि त्यांच्यात फरक उरला आहे म्हणूनच ते मला अधिक विश्वासार्ह वाटतात. जे प्रारूप घडवताना वापरलेच नव्हते, असे काही त्याने आपणहून सांगितले आणि ते मोजमापाशी जुळले, तर तो पुरावा होय. ज्या आलेखावरून आकडे बसवले तोच आलेख पुन्हा काढून दाखवणे म्हणजे पुरावा नव्हे. तिथे आपला आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

पण पुरावा नेमका कशाचा, हेही पाहिले पाहिजे. आपली समीकरणे जुळली म्हणून पटलात खरोखर तसेच घडते असे समजू नये, असे हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्वतःच बजावून ठेवले होते. ही सावधगिरी किती आवश्यक आहे, ते 2004 मध्ये खेकड्यासारख्या प्राण्यांच्या जठरातील लयबद्ध हालचाल चालवणाऱ्या चेताजालावरील कामाने दाखवून दिले. अ‍ॅस्ट्रिड प्रिन्झ, डर्क बुकर आणि ईव्ह मार्डर यांनी त्या जालाची 2 कोटींहून अधिक संगणकीय रूपे चालवून पाहिली. त्यांपैकी लाखो रूपांनी जवळपास सारखीच लय दिली, आणि त्यांतल्या वाहिन्यांचे व चेतासंधींचे (दोन पेशींमधील जोडांचे) आकडे मात्र एकमेकांपासून फार दूर होते. लय जुळली म्हणून आतली रचना कळली, असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरलेली नाही.

ईईजीच्या बाबतीत ही अडचण आणखी तीव्र होते. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला जे साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट मिळतात, ते मुख्यतः बाह्यकातील (मेंदूच्या बाहेरच्या थरातील) समांतर रचलेल्या असंख्य पेशींच्या चेतासंधी-प्रवाहांची बेरीज असतात, आणि वीज नीट न वाहू देणारी कवटी ती बेरीज आणखी पसरट करते. आतले प्रवाह माहीत असतील तर डोक्यावर काय दिसेल, याचे गणित निश्चित उत्तर देते. उलट दिशेने मात्र उत्तर एकच नसते: प्रवाहांच्या वेगवेगळ्या मांडण्या पृष्ठभागावर हुबेहूब सारखा दाब निर्माण करू शकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1853 मध्येच सिद्ध केले होते. इलेक्ट्रोड कितीही वाढवले तरी ही मर्यादा सुटत नाही. म्हणून संशोधक एमआरआयवरून डोक्याचा आकार घेतात, प्रवाह बाह्यकाच्या पृष्ठभागाला काटकोनात वाहतात असे धरतात, आणि त्या गृहीतकांच्या चौकटीत सर्वांत संभाव्य उगम शोधतात. ‘नेमके’ हा शब्द मी तिथे वापरणार नाही. आणि अशा निष्कर्षांचे रंगीत चित्र पाहताना आपणही आधी गृहीतके विचारावीत.

आपल्याला थोडेफार प्रोग्रॅमिंग येत असेल, तर हॉजकिन-हक्स्ली समीकरणे काही डझन ओळींत लिहून पाहावीत. संकेत उमटू लागला की सोडियमच्या कमाल वाहकतेचा आकडा (वाहिन्या सोडियमला जास्तीत जास्त किती सहज वाहू देतात तो), जो मूळ प्रारूपात दर चौरस सेंटिमीटरला 120 मिलिसीमेन्स आहे, तो शून्य करावा. दाब किंचित वर जाऊन तिथेच स्थिरावेल, संकेत उमटणारच नाही. पफर माशातले टेट्रोडोटॉक्सिन हे विष खऱ्या अक्षतंतूवर टाकले की नेमके हेच घडते, कारण ते सोडियमच्या वाहिन्या बंद करते; आणि समीकरणे लिहिली गेली तेव्हा या विषाची ही करणी कोणालाच माहीत नव्हती.