राजीनामा द्यायच्या आधी

राजीनामा लिहून ठेवलायस पण अजून दिला नाहीस, हे बरं केलंस. दिग्दर्शक व्हायचंय म्हणतोस, पण सेटवर एखादं पूर्ण शेड्यूल काढलंयस का? नसशील तर साठलेली रजा टाक आणि ओळखीच्या कुणाच्या युनिटमध्ये चौथा-पाचवा सहायक म्हणून उभा राहा. शॉटआधी क्लॅप दे, कंटिन्युइटीची वही लिही (आधीच्या शॉटमध्ये कपडे, वस्तू कशा होत्या याची नोंद), कलाकाराला व्हॅनिटी व्हॅनमधून बोलावून आण. (हे शेवटचं काम सगळ्यात अवघड.) एवढं करूनही आवडलं, तर पुढचं बोलू.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मालिकांमध्ये मेहनताना बहुधा ९० दिवसांनी हातात येतो. म्हणजे आज काम मिळालं तरी पहिले तीन महिने खिशातून. वर्षभराचं भाडं, हप्ते, घरी पाठवायचे पैसे बाजूला काढ. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जाईल, तेव्हा स्वतःचा आधीच घे. आणि सरकारी अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढू नकोस; मराठी सिनेमाला ते चित्रपट पूर्ण होऊन सरकारी समितीकडून परीक्षण झाल्यावर मिळतं.

विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेलेल्या दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण सगळेच देतात. ती अर्धी गोष्ट. १९१२ मध्ये परतल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली, ती लोकांना दाखवली, आणि मग भांडवल उभं राहिलं. तुझं रोप कुठाय? शनिवार-रविवारी दहा मिनिटांचा लघुपट कर. कॅमेरा मोबाइलचा चालेल. वाचलेले पैसे चांगल्या ध्वनिमुद्रकाला दे.