आलेखाच्या अक्षांवर प्रमाण कसं ठरवायचं आणि काय लिहायचं?

आधी अक्ष ठरवा. आपण स्वतः बदलतो ती राशी आडव्या अक्षावर आणि तिच्यामुळे जी बदलते ती उभ्या अक्षावर.

प्रमाणासाठी साधा भागाकार पुरतो. समजा विभवांतर 0 ते 3.2 व्होल्ट आहे, विद्युतधारा 0 ते 0.46 ॲम्पिअर आणि आलेख कागद 18 सेंमी रुंद, 24 सेंमी उंच. 3.2 ÷ 18 म्हणजे साधारण 0.178. हा आकडा तसाच घेऊ नका, वरच्या सोयीच्या आकड्यावर न्या: 1 सेंमी = 0.2 व्होल्ट. उभ्या अक्षावर 0.46 ÷ 24 म्हणजे सुमारे 0.019, तिथे 1 सेंमी = 0.02 ॲम्पिअर. आलेख 16 बाय 23 सेंमीत बसतो, कागद जवळपास भरतो.

1, 2, 5 किंवा त्यांच्या दहापटी, दशांश एवढेच आकडे वापरा. 3 आणि 7 च्या नादी लागू नका. 1 सेंमी = 0.03 घेतलंत की 0.25 चा बिंदू 8.33 सेंमीवर येतो. बारीक चौकटीत तो शोधताना डोळे फुटतात आणि चुकतोही. (मी एकदा पूर्ण आलेख खोडून पुन्हा काढलाय.)

शून्यापासून सुरुवात दरवेळी लागत नाही. तापमान 62 ते 78 अंश असेल तर 60 पासून सुरू करा. मात्र समप्रमाण तपासायचं असेल किंवा रेषा अक्षाला कुठे छेदते ते वाचायचं असेल, तर शून्य हवंच.

अक्षावर राशीचं नाव आणि एकक दोन्ही लिहा: ‘विद्युतधारा (ॲम्पिअर)’. समान अंतरावर समान फरकाचेच आकडे. घेतलेली वाचनं, त्यांच्यातला फरक कमीजास्त असतानाही, जशीच्या तशी समान अंतरावर अक्षावर लिहिणं ही नेहमीची चूक, त्याने वक्ररेषासुद्धा सरळ दिसू शकते.